बदलीच्या गावी बहुवर्षायू

बँकेचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि मोगऱ्याचे वर्ष त्याच सुमारास सुरू होते. वर्षअखेरीचे हिशेब मिटवून मध्यरात्रीच्या आसपास घरी परतावे, फाटक उघडावे आणि अंधारात कुठूनशा पहिल्या चार-दोन फुलांचा गंध यावा, हा अनुभव माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत मला तीनदा आला. तीनदाच, कारण त्याआधी माझ्या दारात मोगरा नव्हता. 'वेळ कुठे आहे?' हे कारण मीही सर्वांप्रमाणेच पुढे करीत असे.

आपल्याकडे निरोपसमारंभात निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला "आता पुढे काय?" असे विचारण्याचा प्रघात आहे आणि "आता जरा बागकाम करीन" हे उत्तर हमखास ऐकू येते. ऐकायला ते गोड वाटते. परंतु त्यात मला एक मोठी चूक दिसते. बाग हा रिकामपणाचा उद्योग आहे, असे आपण मनोमन ठरवून टाकले आहे. वस्तुतः जी झाडे एकदा लावली की वर्षानुवर्षे टिकतात, ती नोकरीच्या ऐन धामधुमीतच लावली पाहिजेत. अशा झाडांना आपला वेळ फार थोडा लागतो. त्यांना लागतो तो त्यांचा स्वतःचा वेळ. बियांपासून वाढवलेला सोनचाफा फुलायला सात-आठ वर्षे सहज घेतो. कलम लवकर फुलते, तरी त्यालाही दोन-तीन वर्षे द्यावी लागतात. साठाव्या वर्षी हातात खुरपी घेणाऱ्याने ही वर्षे आणायची कोठून?

वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत वर्षायू, द्विवर्षायू आणि बहुवर्षायू असे तीन सुबक शब्द आढळतात. झेंडू, पिटुनिया, फ्लॉक्स ही वर्षायू मंडळी. बी पेरा, रोपे काढा, ती पुन्हा लावा, फुले पाहा आणि उपटून टाका. पुढल्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा. त्यांच्याविषयी मला आकस नाही. दसऱ्याला झेंडू हवाच. परंतु नोकरदाराने त्यांच्यावर बाग उभी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हिवाळी फुलांच्या रोपांची सारी धावपळ सप्टेंबर-ऑक्टोबरात येते, म्हणजे नेमकी सहामाही अखेरीच्या वेळी. आणि मार्चमध्ये, जेव्हा आपल्याला घराकडे पाहायलाही सवड नसते, तेव्हा ती सारी एकदम सुकून वाफे ओसाड पडतात.

बहुवर्षायूंचे तसे नाही. शेवंती, निशिगंध, सोनटक्का, अबोली, कर्दळ, गवती चहा ही सारी मुळांच्या किंवा कंदांच्या आधाराने वर्षानुवर्षे जगतात. मोगरा, तगर, जास्वंद ही झुडपे तर त्याहून दीर्घायुषी. यांतील काहींना मात्र विश्रांतीची सवय असते आणि ती ठाऊक नसली तर घात होतो. निशिगंधाची पाने हिवाळ्यात पिवळी पडतात, वाळतात आणि कुंडी मेल्यासारखी दिसू लागते. कर्नाटकात कोलारला माझी नेमणूक होती तेव्हा अशीच एक कुंडी मी मोठ्या दुःखाने कचऱ्यात रिकामी केली होती. खाली कंद टणक आणि जिवंत होते, हे शेजारणीने ते उचलून नेऊन आपल्या अंगणात फुलवले तेव्हा कळले. तिने त्यांतलेच चार कंद मला परत दिले. ते 'प्रज्वल' जातीचे होते. बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था आहे, तिने ही जात काढली. तिच्या कळ्यांवर फिकट गुलाबी छटा असते. ते चार कंद रुमालात बांधून मी २०२२ च्या जूनमध्ये इंदूरला रुजू झाले.

इंदूरला बँकेने भाड्याने घेतलेल्या घरापुढे पंधरा फूट रुंद अंगण होते आणि मागे परसदार. फाटकावर मधुमालतीचा भलाथोरला वेल होता. कोणी लावला कोणास ठाऊक. या घरात माझ्याआधी बँकेचे चार अधिकारी राहून गेले होते. एवढी जागा पाहून मला अचानक उत्साह आला आणि दसऱ्याच्या सुट्टीत रोपवाटिकेतून मी एकदम अकरा झाडे घरी आणली. तीन गुलाब, दोन जास्वंदी, मोगरा, तगर, अनंत आणि अशीच आणखी काही. पुढील मे महिन्यापर्यंत त्यांतील चारच उरली. सोमवार ते शनिवार त्यांच्याकडे कोणी पाहत नसे आणि रविवारी अपराधी मनाने मी बादल्याच्या बादल्या ओतीत असे. माळव्याची काळी माती एकदा भिजली की लवकर सोडत नाही. झाडे पाण्यावाचून गेली, असे मी सर्वांना सांगत असे. कुंड्या उलट्या केल्यावर दिसले की मुळे कुजली होती. दुष्काळाने नव्हे, पुराने गेली होती ती.

त्यानंतर मी एक नियम केला आणि तोच या लेखातून वाचकांना सुचवायचा आहे. वर्षाला दोनच नवी झाडे. एक पावसाळ्याच्या तोंडावर, दुसरे हिवाळा संपता संपता. याहून अधिक नाही. रोपवाटिकेत कितीही मोह झाला तरी नाही. कारण साधे आहे. बहुवर्षायू झाडालाही पहिले वर्ष बाळपणाचे असते. त्या वर्षात त्याचे मूळ खाली जायचे असते आणि तोवर पाण्याची, उन्हाची, किडीची चौकशी आपणच करायची असते. एक-दोन बाळे माणूस नोकरी सांभाळून वाढवू शकतो. अकरा नाही. दुसऱ्या वर्षापासून झाड बरेचसे आपले आपण पाहते आणि आपले हात पुढल्या झाडासाठी मोकळे होतात. या गतीने तीन वर्षांत फार तर सहा झाडे होतील. ती थोडी वाटतात खरी, पण जगलेली सहा झाडे मेलेल्या साठांपेक्षा अंगण अधिक भरतात.

झाड निवडताना मी एकच प्रश्न विचारते: हे मार्चमध्ये माझ्याकडे काय मागेल? मोगऱ्याची छाटणी जानेवारीत होते. तेव्हा त्याचे पाणी काही दिवस तोडायचे, फेब्रुवारीत शेणखत घालून पुन्हा सुरू करायचे. मार्चमध्ये तो फक्त पाणी मागतो आणि वर फुले देतो. शेवंतीचे काम फेब्रुवारीत आणि पुढे जून-जुलैत. सोनटक्क्याचे फुलून गेलेले दांडे डिसेंबरात जमिनीलगत कापले की झाले. ही सारी मंडळी बँकेच्या वेळापत्रकात बसतात. जास्वंद मात्र या परीक्षेत नापास होते. ऊन तापू लागले की तिच्यावर पिठ्या ढेकूण चढतो आणि आठवडाभर दुर्लक्ष झाले तर शेंडे आवळून जातात. निंबोळी अर्क फवारायला मार्चमध्ये कोणाला सवड आहे? गुलाबाला तर मी आता दुरूनच नमस्कार करते.

लावण्याच्या पद्धतीविषयी फार लिहीत नाही, कारण ती प्रत्येक गावी वेगळी. आमच्याकडे काळ्या मातीत निम्मी वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे लागते. खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे घालावे लागतात आणि झाड सपाटीला न लावता थोड्या उंचवट्यावर लावावे लागते, म्हणजे जुलै-ऑगस्टात मुळांशी पाणी साचत नाही. उन्हाळ्यात हीच माती बोट जाईल एवढी भेगाळते, म्हणून बुंध्याभोवती चार बोटे पालापाचोळ्याचे आच्छादन हवे. हे मासिक देशभर जाते म्हणून एवढेच सांगते, की 'जूनमध्ये लावा' हा सल्ला सर्वत्र चालणार नाही. चेन्नईकडे मुख्य पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो. गुवाहाटीला एप्रिलपासूनच सरी येतात. कोचीला जूनची पहिली झोड ओसरू द्यावी, नाहीतर कोवळे रोप वाहून जायचे. नव्या गावी गेल्यावर पहिले वर्षभर काही न लावता शेजाऱ्यांच्या कुंपणात काय फुलते ते पाहत राहावे, असे मला आता वाटते. मी तेवढा धीर धरला नाही, आणि त्याची किंमत सात झाडांनी मोजली.

आणि वेळ? सकाळी चहा होईपर्यंतची दहा मिनिटे. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली. त्यांतील एक शनिवार वसुलीच्या फेऱ्यांत आणि तपासणीच्या तयारीत जातो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. उरलेल्या एकातले दोन तास बागेला पुरतात. पूर्वीच्या घरांत तर पाणी घालणे हे वेगळे काम नसेच. न्हाणीघराची मोरी जेथे बाहेर पडे तेथे अळू, कर्दळ, केळ आपोआप पोसली जात. माझा सोनटक्काही मी भाजी-तांदूळ धुतलेले पाणी जेथे जाते तेथेच लावला. इंदूरच्या वैशाखात तो अन्यथा तग धरता ना.

हा सोनटक्का आणि शेवंती दोन्ही मिरजेहून आली. सासऱ्यांच्या निधनानंतर २०२२ च्या दिवाळीनंतर सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. मिरजेचे घर बंद झाले. सामानात त्यांनी दोनच गोष्टी स्वतःच्या हाताने सांभाळून आणल्या: देवांची पेटी आणि तेलाच्या जुन्या डब्यात लावलेली ही दोन झाडे. शेवंती पिवळी, साधी, देवाला वाहायची. मिरजेला ती दरवर्षी कार्तिकात कळ्यांनी भरून जायची आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी तिची फुले विकत आणावी लागत नसत.

२०२३ साली इंदूरला तिने चांगला जीव धरला. सासूबाईंनी तिला व्हरांड्याच्या पायरीशी, येता-जाता दिसेल अशी ठेवली होती. फेब्रुवारीत मुळांशी फुटणारे कोंब, ज्यांना आमच्याकडे काश्या म्हणतात, ते वेगळे करून चार कुंड्या केल्या. जून-जुलैत शेंडे खुडले, तशी ती छान पसरली. पाने गर्द, काळोखी हिरवी. कार्तिक आला. कळी म्हणून नाही. खत बदलून पाहिले, जागा उन्हाची आहे की नाही ते पाहिले, मावा पडला का ते पाहिले. काही कमी नव्हते. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "परक्या मातीत नाही रमत गं ती. म्हातारी झाडं उपटू नयेत." त्यानंतर घरात त्या विषयावर कोणी बोलले नाही. त्या शेवंतीविषयीच बोलत आहेत, असा समज आम्ही सर्वांनी करून घेतला.

बँकेत नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यांचा महिना. त्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी एक वयोवृद्ध खातेदार माझ्यासमोर बसले होते. मध्य प्रदेश सरकारच्या उद्यान खात्यात त्यांची हयात गेलेली. मराठी घर, तीन पिढ्या इंदूरात. यंत्रावर त्यांच्या बोटाचा ठसा काही केल्या उमटेना. मातीत काम करून रेषा झिजल्या आहेत, असे ते हसून म्हणाले. त्यावरून झाडांच्या गोष्टी निघाल्या आणि मी शेवंतीची तक्रार सांगितली. त्यांनी एकच विचारले: "कुंडीजवळ दिवा आहे का?"

दिवा होता. व्हरांड्यात, कुंड्यांपासून तीन हातांवर. माझी घरी यायची वेळ ठरलेली नसते. कधी साडेआठ, कधी साडेनऊ. सासूबाई तिन्हीसांजेला तो दिवा लावतात आणि मी घरात पाऊल टाकून, जेवण होऊन, सारी निजानीज होईपर्यंत तो जळत असतो. कधी रात्रीचे अकरा वाजतात.

त्या गृहस्थांनी समजावले ते असे. शेवंती उन्हाळा-हिवाळा थंडीवरून नव्हे, तर मुख्यतः रात्रीच्या लांबीवरून ओळखते. दिवस लहान होत गेले, रात्र पुरेशी लांब आणि अखंड काळोखी झाली, की तिच्या शेंड्यांत पानांऐवजी कळ्या घडू लागतात. वनस्पतींचा हा गुण गार्नर आणि ॲलर्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रथम सविस्तर मांडला. ऑक्टोबरात इंदूरला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेसहाला उगवतो. रात्र साडेबारा तासांची. आमच्या दिव्याने तिची रात्र साडेसात तासांवर आणून ठेवली होती. तिच्या लेखी अजून उन्हाळाच चालू होता. नऊ वॅटचा एवढासा एलईडी दिवा, पण तेवढा उजेड तिला पुरतो.

ऐकता ऐकता माझा चेहरा उतरला असावा. कारण ही गोष्ट मी पूर्वी पाहिली होती, नव्हे, कागदावर उतरवली होती! कोलारला असताना कृषिकर्जाच्या पाहणीसाठी गावोगाव जावे लागे. तेथे शेवंतीच्या शेतांवर बांबूंना तारा बांधून दिव्यांच्या माळा सोडलेल्या असतात. रात्री ते शिवार दिवाळीसारखे दिसते. रोप पुरते वाढेपर्यंत कळी धरू नये आणि फूल बाजारभावाच्या दिवसांत यावे, यासाठी शेतकरी हा खटाटोप करतात. मी दिवे मोजले, तारांची लांबी लिहिली, विजेचा खर्च खर्चाच्या रकान्यात बसवला आणि अहवाल पाठवून दिला. हे दिवे कशासाठी, हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. एम.कॉम.ला आम्हाला परिव्यय लेखांकन शिकवतात. खर्चामागचे झाड शिकवीत नाहीत. त्याचा दोष शिक्षणावर ढकलण्यातही अर्थ नाही, समोरच्या शेतकऱ्याला विचारायला दोन मिनिटे लागली असती.

घरी येऊन मी सारे सांगितले. "उद्यापासून व्हरांड्यातला दिवा नको लावू या, आई. मी येईन चाचपडत." सासूबाईंनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "दिवा बंद व्हायचा नाही. सून बाहेर आणि दारात अंधार, असं आपल्याकडे होत नाही. झाड हलव."

झाड हलवले. चारही कुंड्या परसदारी तगरीच्या आड गेल्या. त्या वर्षी उशीर झाला होता. जानेवारीत दहा-बारा लहानसर फुले आली, तेवढीच. परंतु २०२४ च्या नोव्हेंबरात त्या चार कुंड्यांनी जे केले त्याचे वर्णन मी करीत नाही. तसे वर्णन करायला लेखणी कवीची हवी. मार्गशीर्षातल्या चारही गुरुवारी फुले घरची झाली. त्या खातेदारांनाही एक परडी दिली. कर्मचाऱ्यांच्या भेटवस्तूंचे नियम आहेत, खातेदारांनी भेट घेऊ नये असा नियम माझ्या तरी पाहण्यात नाही.

या सर्व प्रकारावर आमच्या शाखेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप असा, की कुंड्या ठीक आहेत, पण भाड्याच्या घरी जमिनीत बहुवर्षायू झाडे लावणे म्हणजे आपली रोकड दुसऱ्याच्या खात्यात भरणे. वाक्य चटकदार आहे आणि त्यात तथ्यही आहे. दर तीन वर्षांनी ज्याला गाव बदलायचे, त्याने दहा वर्षांच्या झाडात जीव कशाला अडकवावा? मी मोकळेपणी मान्य करते, की सोनचाफ्याचे रोप मी इंदूरला लावले नाही ते याच विचाराने. माझ्या मताला तिथे माझीच कृती आडवी येते.

तरीही त्यांच्या हिशेबात एक नोंद राहून गेली आहे, असे मला वाटते. बहुवर्षायू ओषधींपैकी बऱ्याच जातींचे वैशिष्ट्यच असे, की त्यांना काही वर्षांनी फोडावे लागते. निशिगंधाचा गड्डा दोन-तीन वर्षांत इतका दाटतो की कंद एकमेकांना खेटून बारीक होतात आणि दांडे कमी येतात. सोनटक्क्याचे खोड जमिनीखाली आडवे पसरत जाऊन मधला भाग थकतो. शेवंतीच्या काश्या तर दरवर्षी वेगळ्या कराव्या लागतात. जुनाच बुडखा ठेवला तर फूल लहान होत जाते. म्हणजे साधारणपणे आपल्या बदलीची जी मुदत, तीच यांच्या विभागणीची. अर्धे जमिनीत ठेवावे, अर्धे घेऊन जावे. दोन्ही अर्धे पूर्वीपेक्षा जोमाने वाढतात. ठेव काढून घेतली तरी खाते चालू राहते, असा हा एकच व्यवहार माझ्या माहितीत आहे. मोगऱ्यासारखे झुडूप फोडता येत नाही, पण त्याची फांदी वाकवून मातीत दाबून ठेवली की पावसाळ्यात तिला मुळे सुटतात. बदलीचा अंदाज आला की जूनआधीच अशी दोन-तीन दाब कलमे धरून ठेवावीत. आमच्याकडे बदलीचा अंदाज कोणाला येत नाही, तो भाग वेगळा.

आणि मधुमालती? तिचे काय? तीन वर्षे मी तिच्याखालून ये-जा केली. संध्याकाळी ती पांढरी उमलते, सकाळपर्यंत गुलाबी होते आणि पुढे लाल. लावणाऱ्याचे नावही मला माहीत नाही. ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या भाषेत बोलायचे तर माझ्या खात्यात कोणीतरी न सांगता भरणा करून गेले होते.

एक सावधगिरीची सूचना मात्र करायला हवी, विशेषतः ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांना. कमी निगेची म्हणून कण्हेर आणि देखणी म्हणून कळलावी अनेकजण लावतात. दोन्ही बहुवर्षायू, दोन्ही चिवट आणि दोन्ही विषारी. कण्हेरीचे सर्वांग आणि कळलावीचा कंद यांमुळे जिवाला धोका होऊ शकतो. पुढे त्या घरात कोण राहायला येणार, त्यांना हे ठाऊक असेल का, हे आपल्याला कळत नाही. म्हणून बदलीच्या घरी ती नकोतच.

२०२५ च्या मे महिन्यात माझा बदलीचा आदेश आला. लखनौ. पत्र वाचून मी पहिल्यांदा शाळेचा, मग सामानाचा आणि मग सासूबाईंचा विचार केला. त्यांनी इंदूर नुकते आपलेसे केले होते; समोरच्या दोघी-तिघींबरोबर भजनाला जाऊ लागल्या होत्या. संध्याकाळी धीर करून सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "तिकडं शेवंती येते का?" लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत डिसेंबरात शेवंतीचे मोठे प्रदर्शन भरते, तिकडे तिला गुलदाउदी म्हणतात, असे मी सांगितले. "मग आपली मिरजेची तिथं नेऊन दाखवू," एवढेच म्हणाल्या आणि आत गेल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान बांधायला घेतले. शेवंतीच्या चारांपैकी दोन कुंड्या समोरच्या घरी दिल्या, दोन आमच्याबरोबर. निशिगंधाचे कंद पिशवीत. रुमालात आणलेले चार आता एकोणतीस झाले होते. त्यांतले पंधरा तेथेच पुरले. माझ्या जागी येणाऱ्या अधिकारी बाई नागपूरकडच्या असल्याचे कळले होते. त्यांच्यासाठी मी किल्ल्यांच्या यादीच्या पाठीमागे झाडांची यादीही लिहिली: कोण कोठे आहे, कोणाला पाणी किती, निशिगंध वाळला तर उपटू नये.

शेवटी सोनटक्का राहिला. गड्डा चांगला परातीएवढा झाला होता. मी कुदळीने तो उकरला आणि सासूबाईंनी पाटावर बसून जुन्या सुरीने त्याचे दोन भाग केले. समान नव्हते ते. एकाला सात-आठ टपोरे डोळे होते, दुसऱ्याला तीन. मी मोठा भाग ओल्या गोणपाटात गुंडाळायला उचलला, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि परत खड्ड्यात ठेवला.

"नवी आहे ती," त्या म्हणाल्या. "आल्या आल्या कामाला जुंपणार. तिला याच श्रावणात फूल दिसू दे. आपण थांबू एक वर्ष."

तीन डोळ्यांचा तुकडा गोणपाटात बांधून मी गाडीत पायांशी ठेवला.